उशाखालचं कार्ड

संपादकांनी पत्र पाठवून नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा मी आधी कपाटातून माझी सेवापुस्तिका काढली. ती वाचली आणि परत ठेवली. रुजू झाले, बढती मिळाली, रजा घेतली, निवृत्त झाले, एवढंच तिच्यात आहे आणि एवढ्याने कोणाचीही करमणूक होणार नाही. शिवाय हा अंक छापून आला की त्याच्या चार प्रती मी चार नातवंडांना पोस्टाने पाठवणार आहे. दोघं कॅनडात आहेत, एक मेलबर्नला आणि चौथं नेमकं कुठे असतं ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. चौघांना मराठी वाचता येतं, पण सावकाश. तेव्हा सोपं लिहिते आणि एकच गोष्ट लिहिते.

माझ्या नातवंडांचा असा समज आहे की आजी दवाखान्यात होती. ते अर्धंच खरं आहे. जालन्यात मिशनचा दवाखाना होता, पगार त्याचा, राहायची खोलीही त्याच्याच कंपाउंडमध्ये. पण मी होते 'बाहेरच्या बाळंतपणांची' नर्स. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. चांगल्या घरच्या बायका बाळंत व्हायला दवाखान्यात येत नसत. दवाखाना शेवटच्या घटका मोजणाऱ्यांसाठी, अशी समजूत. म्हणून दवाखानाच त्यांच्या घरी जायचा. दवाखाना म्हणजे मी, एक काळी पिशवी आणि बाहेर उभा असलेला टांगा.

पिशवीत काय असायचं ते मला आजही डोळे मिटून सांगता येतं. दोन चिमटे, एक कात्री, उकळलेला दोरा, कागदात बांधलेल्या जाळीच्या कापडाच्या घड्या, स्पिरिटची बाटली, साबण, नखांचा ब्रश, एनॅमलचं भांडं, बाळाचं वजन करायचा काटा. सगळ्यांत महत्त्वाचं काय म्हणाल तर साबण. हात कोपरापर्यंत धुवायचे, दोनदा, घड्याळ लावून. लोकांना यात काही वैद्यकी दिसत नसे. एका घरातल्या आजोबांनी मला सांगितलं होतं की तुमची विद्या म्हणजे अर्धी धोबिणीची आहे. मी 'हो' म्हटलं. खोटं नव्हतं ते.

घड्याळावरून आठवलं. मूल जन्मलं की घरचे पुरुष बाहेरून पहिला प्रश्न विचारायचे तो मुलगा की मुलगी हा नव्हे, तर 'टाइम काय झाला, बाई?' कारण पत्रिका. घड्याळ असायचं फक्त माझ्या मनगटावर. म्हणजे ग्रहांवर काडीचाही विश्वास नसलेल्या मी जालन्यातल्या कितीतरी लोकांचे ग्रह ठरवून दिले. त्यात एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. उशीर होऊ नये म्हणून मी ते घड्याळ नेहमी पाच मिनिटं पुढे ठेवत असे. पुढे कोणाचं लग्न जमलं नाही, कोणाची दुकानं बुडाली, तर मला मनातल्या मनात चुकल्यासारखं होई.

मला लोक काय काय म्हणत. नरसबाई, मिशनबाई, किरिस्तावीण, आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या साडीमुळे काही टवाळ लोक 'काळी मड्डम'. शेवटचं सोडून मला काहीच लागत नसे. माझं शिक्षण मिशनच्या बोर्डिंगात झालं, इंग्रजीतून. तेवीस वर्षांची होते. इंग्रजीत दिवसाचा अहवाल लिहायची, रविवारी उपासनेला पेटीवर साथ करायची. या सगळ्याचा मला तोरा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर गोष्ट मस्तगडातली आहे. तिथे एका मारवाडी घराचं खाली सरकीचं दुकान आणि वर बिऱ्हाड होतं. मागे परस, आणि परसाला बोळातून वेगळं दार. घरची सून कंचन, वीस-एकवीस वर्षांची. तिची आधीची दोन मुलं, दोन्ही मुलगे, जन्मले तेव्हा धडधाकट होते आणि दोन्ही आठव्या दिवशी गेले. आधी दूध ओढायचे थांबले, मग जबडा आवळला, मग धनुष्यासारखे ताठ झाले. घरच्यांनी याला नशीब म्हटलं. आम्ही नर्स लोक याला धनुर्वात म्हणत असू, आणि तो कुठून येतो तेही आम्हाला ठाऊक होतं. नाळ शेताच्या विळ्याने कापतात आणि वर गोवरीची राख भरतात, तिथून. नाळ स्वच्छ कापली आणि सुकून गळेपर्यंत तिला दुसरं काही लागू दिलं नाही, तर मूल वाचतं. एवढं सोपं. पण एवढं सोपं कोणाला पटत नाही.

तिसऱ्या खेपेला कंचनच्या सासूने, सेठाणीबाईंनी, स्वतः टांगा पाठवून मला बोलावलं. बाई उंच, हडकुळ्या, बोलायला तुटक. मारवाडी, हिंदी आणि आपली मराठी यांची एकत्र घुसळण करून बोलत. जिन्यातच मला म्हणाल्या, "लडका होऊ दे, लडकी होऊ दे, बाईजी, आठ दिवसांच्या पुढे गेली पाहिजे. बिलकुल दुसरं काही मागत नाही मी."

खोलीत मी शिरले तर कोपऱ्यात सुईण आधीच बसलेली होती. गजराबाई तिचं नाव. पन्नाशीची, काळीसावळी, पुढचे दोन दात पडलेले. कुंडलिका नदीच्या पलीकडे, वेशीबाहेरच्या वस्तीत राहायची. तिच्याजवळ एक विळा आणि पत्र्याच्या डब्यात चाळलेली राख होती. मी काय केलं ते लिहायला आज बरं वाटत नाही. मी तो डबा उचलला, खिडकीतून उकिरड्यावर रिकामा केला, आणि सगळ्यांदेखत तिला एक व्याख्यान दिलं. या राखेने मुलं मरतात, असं म्हटलं. मग तिला दाराबाहेर उभं केलं. शास्त्र माझ्या बाजूने होतं, त्यामुळे माझा आवाज फार चढला होता.

ती घरी गेली नाही. बाहेर बसून राहिली. दुपारी तीनच्या सुमाराला मुलगी झाली. माझ्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं. नाळ मी बांधली, कापली, वर उकळलेल्या कापडाची घडी ठेवली. सेठाणीबाईंनी दारातूनच मुलगी बघितली आणि नुसती मान हलवली.

आता सोयर म्हणजे काय ते माझ्या नातवंडांना सांगायला हवं. बाळंतपणाचा विटाळ. त्या दिवसांत बाळंतिणीला आणि बाळाला घरातलं कोणी शिवत नाही. शिवायला चालत होतं फक्त गजराबाईला आणि मला. ती अंग चोळायला आणि धुणी धुवायला मागच्या दाराने यायची, मी नाळ पाहायला पुढच्या दाराने जायची. मला तेव्हा वाटायचं की माझ्या शिक्षणाचा मान म्हणून मला थेट आत सोडतात. खरी गोष्ट लक्षात यायला बरीच वर्षं गेली. आम्ही दोघी त्यांच्या हिशेबी आधीच इतक्या विटाळलेल्या होतो की आणखी विटाळायचं भय नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाळाला तेल लावता लावता गजराबाईने मला विचारलं, "बाई, तुमचं गाव कोन्तं?"

"मिशन कंपाउंड," मी म्हटलं.

"मिशन काय गाव असतंय व्हय? त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही नाही."

ती हसली आणि बाळाला पालथं केलं. मी घडीचं कापड बदलून निघून आले.

आणि मग चौथ्या दिवशी मी माझी चूक केली. तिला चूक म्हणायला मला पुढे बराच वेळ लागला. आमच्या मिशनला परदेशातून जुनी नाताळाची कार्डं पेट्या भरभरून येत. चित्रं सुंदर, पण मागची बाजू कोणीतरी लिहून खराब केलेली. बोर्डिंगच्या मुली त्या बाजूला कोरा कागद चिकटवून वर सुवाच्य अक्षरात मराठीतून एक वचन लिहीत. ही कार्डं आम्ही नर्सेसनी वाटायची. आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंचा, त्या गोऱ्या होत्या आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत, त्यांचा नियम होता की कोणी मागितलं तर द्या, न मागता ठेवू नका. पण महिन्याच्या प्रार्थनासभेत प्रत्येकीला विचारलं जाई, किती घरांत वचन पोहोचलं? मला तिथे उभं राहून मोठा आकडा सांगायला आवडायचं. मस्तगडातलं मारवाडी घर म्हणजे मोठंच घर. कंचन झोपलेली होती. मी मेंढपाळाचं चित्र असलेलं एक कार्ड बाळाच्या उशाखाली सरकवलं आणि वर एक छोटी प्रार्थनाही केली. प्रार्थना खरी होती, हे मी आजही सांगेन. बाकीचं तसं नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी मी गेले तर पुढचं दार बंद. दुकानातले म्हातारे मुनीम बाहेर आले आणि म्हणाले, आज नको, उद्याही नको. मी कारण विचारलं. त्यांनी वर बोट केलं. वरच्या खिडकीत सेठाणीबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात चुलीचा चिमटा होता, आणि चिमट्यात धरलेलं माझं कार्ड.

झालं होतं ते असं. सहाव्या दिवशी त्यांच्यात छठी पुजतात. आपल्याकडे सटवाई म्हणतात, त्यांच्याकडे बेमाता. ती येते आणि मुलाचं नशीब लिहून जाते. तिला लिहायला म्हणून बाळाच्या उशाखाली एक कोरा कागद, नवी लेखणी आणि शाई ठेवायची पद्धत. आदल्या दिवशी दिवेलागणीला सेठाणीबाईंनी कोरा कागद ठेवायला गजराबाईला उशी उचलायला सांगितली, तर तिथे एक कागद आधीच होता. लिहिलेला.

"माझ्या पोतीचं नशीब लिहायला बेमाता येणार होती," त्या वरून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "तिच्या आधी तुम्ही लिहून ठेवलं. आता ती कुठे लिहिणार, बाईजी?"

चिमटा उघडला. कार्ड गिरक्या घेत खाली आलं आणि सरकीच्या पोत्यावर पडलं. खिडकी बंद झाली.

पहिल्या क्षणी मला हसू आलं होतं. टांग्यात बसल्यावर ते गेलं. त्या बाईने दोन नातू पोचवले होते, आणि तिसरं मूल सातव्या दिवसात होतं, नाळ अजून गळलेली नव्हती. मुनीमांनी जाता जाता मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. माझ्या कार्डाची बाधा घालवायला म्हणून उद्या सकाळच्या आंघोळीनंतर बेंबीत गोवरीची राख भरायची, असं वर ठरलं होतं. उद्या म्हणजे आठवा दिवस.

डॉक्टरबाई ओपीडीत होत्या. मी सगळं सांगितलं, कार्डासकट. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी विचारलं, "नाळ पडली का?" मी नाही म्हटलं. "आता त्या खोलीत कोण जातं?"

"ती सुईण."

"मग तिच्याकडे जा." आणि मी दारापर्यंत गेल्यावर चष्मा काढत म्हणाल्या, "ते कार्ड तू त्या बाळासाठी ठेवलंस की सभेसाठी, याचा विचार मात्र चालता चालता कर."

म्हणून मी टांगा न करता चालत गेले. दुपारची वेळ, कुंडलिकेला घोटाभर पाणी. मी चपला हातात घेऊन पलीकडे गेले. गजराबाई झोपडीसमोर शेण थापत बसली होती. मला बघून उठली नाही.

"काळी पिशवी घेऊन आमच्याकडं?" ती म्हणाली. "हितं तर कोनी बाळंत न्हाई."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच मी इस्त्रीच्या साडीत जमिनीवर बसले. कार्डाची भानगड सांगितली. ती तिला आधीच ठाऊक होती, सगळ्या मस्तगडाला ठाऊक होती. मग मी म्हटलं की उद्या राख लावू नका, मी उकळलेलं कापड देते, ते तुम्ही ठेवा, तुम्हाला आत जाता येतं.

तिने हातातला शेणाचा गोळा थापून टाकला. मग म्हणाली, "मह्या हातानं काम करून घ्यायचं हाय न? मंग कुनाची हाईस ते तरी सांग. गाव कोन्तं तुहं?"

'तुमचं'चं 'तुहं' झालेलं माझ्या लक्षात आलं. मी सांगितलं. आजी आष्टीची. आष्टी म्हणजे गावातली नव्हे, वेशीबाहेरची. दुष्काळात मिशनच्या खडीच्या कामावर गेली आणि तिथेच राहिली. हे मी तोपर्यंत बोर्डिंगातल्या मैत्रिणींनाही सांगितलेलं नव्हतं.

"मंग आमच्यातलीच की," गजराबाई म्हणाली. "येवढं कायला लपवून राह्यली व्हतीस?"

"आता आम्ही ख्रिस्ती आहोत."

"ते हाईच. त्याला कोन न्हाई म्हनतंय? पन म्हनून आजी काय बदलून मिळती व्हय?"

 तिने हात मातीला पुसले. मग एकदम आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांग. राखेनंच जात्यात का लेकरं?"

हेच मी आठवड्यापूर्वी भर खोलीत ओरडून सांगितलं होतं. आता मीही आवाज खाली आणला. मी म्हटलं, नेहमी नाही. पण जातात.

ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली. ओठ हलत होते, नावं होती ती घरांची. दुसऱ्या हातावर आली तेव्हा मी मान दुसरीकडे फिरवली. मोजून झाल्यावर तिने मला मागच्या दाराने सकाळी यायला सांगितलं आणि म्हणाली की हात कसे धुवायचे ते आत्ता दाखवून ठेव. मी दाखवलं. कोपरापर्यंत, दोनदा, नखांत ब्रश घालून. "येवढे तर म्या मह्या लग्नातबी धुतले न्हाईत," ती म्हणाली. पण तिसऱ्यांदा स्वतःहून धुतले.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही दोघी परसात उभ्या होतो. सेठाणीबाई ओसरीच्या पायरीवर आल्या. मागे एका तबकात राख काढून ठेवलेली. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण त्या काही बोलायच्या आत गजराबाई पुढे झाली.

माझी कल्पना अशी होती की ती काहीतरी सबब सांगेल. अंगात आलं म्हणेल, देवीने स्वप्नात सांगितलं म्हणेल. सुइणी अशा गोष्टी सहज सांगत आणि लोक मानत. तिने तसं काही केलं नाही.

"सेठानीबाई," ती म्हणाली, "आधीची दोन लेकरं बेमातेनं न्हाई नेली. मह्या हातानं गेली. मह्या इळ्यानं अन् मह्या राखेनं. मला ठावं नव्हतं. आता ठावं झालं. ह्या लेकराला म्या राख लावनार न्हाई. लावायचीच आसंल, तर दुसरी सुईन बघा."

ओसरीत कोणीतरी डाळ निवडत होतं, तो सुपाचा आवाज थांबला. गजराबाईचं पोट या कामावर होतं. मस्तगडातली सगळी मोठी घरं तिची होती. हे एक वाक्य बोळाच्या तोंडापर्यंत गेलं असतं तर तिला पुन्हा कोणी उंबऱ्याशी उभं केलं नसतं, आणि त्या काळात यापेक्षा वाईटही काही झालं असतं. आपल्या चुकीची कबुली द्यावी याबद्दल मी बोर्डिंगात दहा वर्षं रोज सकाळी ऐकलेलं होतं. प्रत्यक्ष पाहिली ती त्या परसात, आणि देणारीचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

त्यानंतर गप्प राहणं मला शक्य नव्हतं. मी म्हटलं की कार्ड मी ठेवलं, न विचारता ठेवलं, आमच्या डॉक्टरबाईंनी तसं करू नका म्हणून सांगितलेलं असताना ठेवलं. त्यात मुलीच्या भल्याचीच प्रार्थना होती, पण तुमच्या घरात तुम्हाला न विचारता ठेवायचा मला हक्क नव्हता.

सेठाणीबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. "तुला कधी कळलं?" त्यांनी गजराबाईला विचारलं.

"आज आठ रोज झाले. हिनं मही राख फेकली तव्हाच मनात आल्तं. पन मला राग लई आल्ता."

 वर खोलीत बाळाने कुरकुर केली. मग सेठाणीबाईंनी मागे न बघता तबक उचललं आणि तुळशीच्या मुळाशी रिकामं केलं. गजराबाईला म्हणाल्या, "तू वर जा." मी पाऊल उचललं तर माझ्याकडे बोट केलं. "तू तिथेच."

मग सुरू झालं आमचं परसातून चाललेलं नर्सिंग. असं बाळंतपण मी पुढच्या तीस वर्षांत पुन्हा केलं नाही. मी खाली, पिंपाशेजारी. गजराबाई वरच्या खिडकीत.

"हात धुतले का?"

"धुतले."

"दोनदा?"

"तीनदा. कातडं निघायचं राह्यलंय."

"कापड कडेने धर. मधे बोट लावू नको."

"न्हाई लावलं. तू काय वरून बघून राह्यलीस का मी?"

शेजारच्या गच्चीवर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चार झाल्या. मला खात्री आहे की त्या चौघींना नाळेची निगा आमच्या नर्सिंगच्या वर्गापेक्षा बरी समजली. रोज शेवटचा प्रश्न मी एकच विचारायची, दूध ओढते का? आणि गजराबाई उत्तर द्यायच्या आधी थोडी थांबायची. त्या थांबण्यात माझा जीव वर-खाली होई. ती मुद्दाम थांबायची हे मला नंतर कळलं. "तू राख फेकली तव्हा मला असंच झाल्तं," असं म्हणाली.

आठवा दिवस गेला. नववा गेला. दहाव्या दिवशी नाळ गळली. गजराबाईने खिडकीतून नुसता हात हलवला. मी डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्यांनी तारीख लिहून घेतली आणि म्हणाल्या, अजून काही दिवस लक्ष ठेवा. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. पण त्या दिवशी रात्रीचं जेवण त्या दोनदा वाढून घेऊन जेवल्या, हे मी पाहिलं.

बाराव्या दिवशी त्यांच्याकडे सूर्यपूजा झाली. बाळंतीण न्हाली, सोयर फिटलं, आणि त्याबरोबर आमचं वर जाणंही संपलं. आम्हाला दोघींना मागच्या दाराने बोलावणं आलं. एरवी मोठ्या घरांतून नर्सला काही दिलं तर ते तबकात घालून समोर ठेवत, आणि सुईण असली की तिला पायरीखाली उभी करून वरून पदरात टाकत. आणि आमच्या दवाखान्याचा नियम असा की भेट घ्यायचीच नाही. मी तोंडात तेच वाक्य तयार ठेवून गेले होते.

सेठाणीबाई पायरीवर उभ्या होत्या, कडेवर बाळ. बाळाने डोळ्यांवर ऊन आलं म्हणून तोंड वाकडं केलं आणि असा काही सूर लावला की दुकानातून मुनीम बाहेर आले. इतका उघडा जबडा बघून मला जे वाटलं ते मला लिहिता येणार नाही. सेठाणीबाईंच्या दुसऱ्या हातात दोन लाल चुनडीच्या साड्या होत्या, वर गुळाचे दोन खडे. तबक नव्हतं. त्यांनी गजराबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कुठे उभी आहे ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पायरीच्या खाली, गजराबाईच्या शेजारी, एका ओळीत.

आठवड्यापूर्वी मी पाठ फिरवून निघून गेले असते.

"पदर पसर," गजराबाई हळूच म्हणाली. "खाली पडलं तर धुवावं लागंल. तुलाच लई सोस हाय धुवायचा."

मी पिन काढली आणि पदर पसरला. साडी वरून पडली, मग गूळ. सेठाणीबाई इतकंच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला दोघी या. सोबत या." आणि आत गेल्या.

पुढे गजराबाई आणि मी सोबतच जात राहिलो. तिच्या मोजणीतली घरं मी तिला कधी विचारली नाहीत. मस्तगडातली ती मुलगी मोठी झाली, लग्न होऊन इंदूरला गेली. तिच्या पत्रिकेतली पाच मिनिटं बहुतेक तिला बाधली नाहीत.

नातवंडांनो, तुमच्यापैकी एकीने मला फोनवर विचारलं होतं की फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहू, तिथले मित्र म्हणतात काहीच लिहू नको. ख्रिस्ती लिही. मी आयुष्यभर तेच लिहिलं, आणि आजही सकाळची प्रार्थना चुकवत नाही. फक्त रकाना भरला म्हणजे काम झालं, असं तेवीस वर्षांच्या तुमच्या आजीला वाटत होतं, तेवढं समजून घे.

महिन्याच्या प्रार्थनासभेत माझी पाळी आली तेव्हा मी त्या महिन्यात कार्ड वाटल्याचा आकडा सांगितला नाही. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या रविवारी मात्र मी ती लाल साडी नेसून उपासनेला गेले. आमच्यात एक वडीलधाऱ्या बाई होत्या, स्वभावाने प्रेमळ, मला मुलीसारखं वागवायच्या. चर्चच्या व्हरांड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं.

"अगं, ही साडी तू नेसत जाऊ नको," त्या म्हणाल्या. "काल बाजारात त्या सुइणीच्या अंगावर मी हीच बघितली. लोकांना वाटेल की..."

"काय वाटेल, मावशी?"

त्यांनी नुसताच माझा पदर सारखा केला.

"बरोबर बघितलंत," मी म्हटलं. "दोन्ही एकाच ताग्यातल्या आहेत. दोघींना सोबतच मिळाल्या."

घंटा झाली, म्हणून आम्ही आत गेलो. मावशींनी बाकावर सरकून मला जागा दिली. नेहमीपेक्षा जरा जास्तच सरकल्या, तेव्हा मी ऐसपैस बसले.